रुग्णांपासून दूर न जाता कमी ताणाचे काम कोणते निवडावे?

पाऊलखूण

सर्वांना नमस्कार. मी गेली काही वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करत आहे. रुग्णसेवा हेच आपले काम आहे याविषयी माझ्या मनात कधी शंका नव्हती आणि आजही नाही. शुद्धीवर येणाऱ्या माणसाला तो कुठे आहे हे सांगणे, श्वासनलिकेतील नळी काढल्यावर त्याचा पहिला घोगरा शब्द ऐकणे, बाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांना समजेल अशा भाषेत परिस्थिती सांगणे, या गोष्टींसाठी मी या क्षेत्रात आले.

मात्र हे काम ज्या गतीने आणि ज्या पद्धतीने करावे लागते, ते आता झेपेनासे झाले आहे. एका रुग्णाचा रक्तदाब टिकवण्यासाठी औषधाचा वेग दर काही मिनिटांनी बदलत असताना शेजारच्या व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतो, त्याच वेळी तिसऱ्या रुग्णाला स्कॅनसाठी हलवण्याचा निरोप येतो, आणि ओव्हर देण्याची, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवण्याची, वेळ जवळ आली की काही लिहायचे राहून तर गेले नाही ना, या विचाराने पोटात गोळा येतो. रात्रपाळी संपवून घरी आल्यावर झोप लागत नाही, आणि लागलीच तर झोपेतही पंपाचा आवाज ऐकू येत राहतो.

घरच्यांचा सल्ला असा आहे की विमा, नोंदी किंवा प्रशासन अशा बैठ्या कामाकडे वळावे. तसे केले तर ताण कमी होईल, हे मलाही दिसते, पण मला रुग्णासमोरून उठायचे नाही. माझा स्वभाव सावकाश आणि नीट काम करण्याचा आहे. एका माणसाकडे अर्धा-पाऊण तास पूर्ण लक्ष देणे मला जमते आणि आवडते. एकाच वेळी सहा गोष्टींवर नजर ठेवणे शिकले आहे, पण ते मला आतून पोखरते आहे.

पुन्हा शिक्षण घेण्याची माझी तयारी आहे. रुग्णांशी प्रत्यक्ष संबंध राहील आणि तरीही रोज जीव टांगणीला लागणार नाही, अशी कामे खरोखर असतात का? तुमच्यापैकी जे असे काम करत आहेत त्यांनी त्यातील चांगले आणि वाईट, दोन्ही मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

शुश्रूषा

पाऊलखूण, मी परिचर्येतच बरीच वर्षे काढली आहेत. आधी शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात आणि आता मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात. तुम्ही जे लिहिले आहे त्यात मला निदान चार वेगवेगळे ताण दिसतात. एक म्हणजे जीव वाचवण्याची घाई, दुसरा सततचा व्यत्यय, तिसरा रात्रपाळीने मोडलेली झोप, आणि चौथा म्हणजे जबाबदारी पूर्ण आपली असूनही कामाचा क्रम आणि वेग मात्र आपल्या हाती नसणे. हे चारही ताण अतिदक्षता विभागात एकत्र राहतात, म्हणून ते एकच आहेत असे वाटू लागते. तुम्हाला यातला कोणता सर्वांत जास्त खातो, हे आधी ठरवा, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

चौथ्या ताणाकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडले की केवळ काम जास्त असल्याने माणूस तितका खचत नाही; कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचे स्वातंत्र्य थोडे, अशी जोडी जमली की तो सर्वाधिक खचतो. मला हे माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळते असे वाटते. आज माझ्या बाह्यरुग्ण विभागातही दिवसभर माणसांची रांग असते आणि घसा कोरडा पडेपर्यंत बोलावे लागते, पण समोरच्या माणसाला किती वेळ द्यायचा आणि आज त्याला काय शिकवायचे, हे बरेचसे मी ठरवते. त्यामुळे थकवा येतो, पण त्याबरोबर भीती येत नाही.

रात्रपाळीबद्दल सांगायचे तर तो स्वभावाचा किंवा सवयीचा प्रश्न मानू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि फेरविचार करून २०१९ मध्येही, रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाचे संभाव्य कारण मानले आहे. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला आजार होतो असा नाही, पण रात्र जागून शरीराला त्रास होतो म्हणणारी व्यक्ती नाजूक असते, ही समजूत तरी यामुळे टिकत नाही. अनेकदा केवळ दिवसपाळीच्या जागेवर गेल्याने अर्धा प्रश्न सुटतो, आणि त्यासाठी नवी पदवी लागत नाही.

म्हणूनच माझे मत असे आहे की परिचर्या सोडण्याआधी परिचर्येच्या आतच जागा बदलून पाहावी. मधुमेह शिक्षण, जखम व स्टोमा (मल-मूत्र बाहेर येण्यासाठी शस्त्रक्रियेने पोटावर केलेले छिद्र) यांची काळजी, लसीकरण, कर्करोगाच्या औषधांसाठी असलेले दिवसापुरते उपचार केंद्र, गंभीर आजारात त्रास कमी करण्यासाठी घरी जाऊन दिली जाणारी उपशामक सेवा, अशा अनेक ठिकाणी रुग्णाशी संबंध तुमच्या आजच्या कामापेक्षा जास्त जवळचा असतो. माझ्या कामातील एक उदाहरण देते. इन्सुलिन घेऊनही साखर वर-खाली होत असलेला रुग्ण समोर येतो. कागदावर डोस योग्य असतो. त्याला सुई टोचतो ती जागा दाखवायला सांगितले की तो नेहमीची एकच जागा दाखवतो, आणि बोटांनी चाचपले की त्वचेखाली रबरासारखा घट्ट, फुगीर भाग लागतो. एकाच ठिकाणी वारंवार टोचल्याने तिथली चरबी वाढलेली असते आणि त्या भागातून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. जागा बदलत राहण्याची पद्धत समजावली, नव्या जागी इन्सुलिन अधिक लागू पडेल म्हणून डॉक्टरांशी बोलून डोस पुन्हा तपासून घेतला, की पुढच्या काही आठवड्यांत आकडे सुधारतात. या साऱ्याला शांतपणे दिलेली वीस मिनिटे लागतात. तुम्ही वर्णन केलेला स्वभाव नेमका याच कामाचा आहे.

अडचणही सांगते. इथे माणसे लवकर बरी होऊन जात नाहीत. तोच रुग्ण, तीच चूक, तेच समजावणे वर्षानुवर्षे चालते, आणि पायाची संवेदना गेल्यामुळे तपासणीत तळव्याला टेकवलेला नायलॉनचा धागा कळेनासा झालेला माणूस पुढे जखम घेऊन येतो तेव्हा वाईट वाटतेच.

श्रवणरेषा

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या आणि तोल जाण्याच्या तक्रारी तपासून त्यावर उपाय करतो. तुमच्या निकषांवर हे काम बरेच उतरते. रुग्ण वेळ ठरवून येतात, एका वेळी एकच व्यक्ती समोर असते, रात्रपाळी जवळजवळ नसते आणि क्षणात निर्णय घेण्याचे प्रसंग फार कमी येतात.

काम कसे चालते ते सांगतो. ध्वनिरोधक खोलीत रुग्णाला हेडफोन लावून २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवले जातात. आवाज ऐकू आला की १० डेसिबलने कमी करायचा, ऐकू आला नाही की ५ डेसिबलने वाढवायचा, असे करत प्रत्येक सुरासाठी कमीत कमी किती आवाज लागतो ते शोधायचे. घाई केली तर उत्तर चुकते. वयस्कर रुग्ण कधीकधी अंदाजाने बटण दाबतात, कानात सतत गुणगुण ऐकू येणारे लोक त्या गुणगुणीलाच सूर समजतात; त्यांच्याकडे काचेतून नीट पाहावे लागते. श्रवणयंत्र दिल्यावर तर खरे काम सुरू होते. अनेक वर्षे ऐकू न आलेले आवाज अचानक कानावर आदळल्यामुळे माणूस यंत्र काढून खणात ठेवून देतो, आणि त्याला पुन्हा बोलावून, आवाज थोडा थोडा वाढवत, सवय होईपर्यंत सोबत राहावे लागते.

आता दुसरी बाजू. लहान बाळांची तपासणी हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे. बाळ झोपलेले असताना त्याच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो की नाही ते पाहिले जाते. जन्मानंतर १ महिन्याच्या आत पहिली चाचणी, ३ महिन्यांच्या आत निदान आणि ६ महिन्यांच्या आत उपचारांची सुरुवात, असे ध्येय जगभर मानले जाते, कारण भाषा शिकण्याचा काळ वाया गेला तर तो परत मिळत नाही. पडद्यावर अपेक्षित लहर दिसत नाही आणि आई शेजारीच बसून तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असते. त्या आई-वडिलांना काय आणि कसे सांगायचे, हे कोणत्याही यंत्राच्या सूचनापत्रात लिहिलेले नसते. हा ताण अतिदक्षता विभागातील ताणापेक्षा वेगळा आहे, पण तो ताणच आहे. मात्र तो पेलायला आपल्याला वेळ मिळतो, आणि बहुतेक वेळा पुढे देण्यासारखा उपायही हाती असतो, हा फरक मला मोठा वाटतो.

याशिवाय एक इशारा देणे आवश्यक वाटते. काही ठिकाणी हे काम श्रवणयंत्रे विकण्याच्या व्यवसायाशी जोडलेले असते आणि तिथे महिन्याला किती यंत्रे गेली याचा हिशेब मागितला जातो. समोरच्या माणसाला ज्याची गरज नाही ते त्याच्या गळ्यात घालण्याचा दबाव आला, तर शांत खोली आणि ठरलेल्या वेळा असूनही मन स्वस्थ राहत नाही. नोकरी घेताना पगार कशावर अवलंबून आहे, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

चार तास

डायलिसिस विभागातील तंत्रज्ञ म्हणून लिहितो. परिचारिकांसाठी हा विभाग ओळखीचा असतो आणि अतिदक्षता विभागातून इकडे येणाऱ्या अनेक जणी मी पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहावेसे वाटले.

आमचे बहुतेक रुग्ण आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी साधारण ४ तास येतात, आणि हे वर्षानुवर्षे चालते. इतका दीर्घ सहवास रुग्णालयाच्या इतर फार थोड्या विभागांत लाभत असेल. कोणाच्या हातावरच्या फिस्टुलाची (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी व शीर जोडून केलेल्या जागेची) थरथर आज नेहमीसारखी लागत नाही, कोण दोन वेळांच्या मधे जास्त पाणी प्यायले आहे, कोणाला शेवटच्या तासात पोटऱ्यांत गोळे येतात, हे सगळे सरावाने कळू लागते. कामाचा क्रम ठरलेला असतो: वजन, रक्तदाब, सुया, यंत्र जोडणे, मधल्या नोंदी आणि शेवटी दाब देऊन रक्त थांबवणे. ज्यांना अनपेक्षित गोष्टींची धास्ती वाटते त्यांना हा क्रम आधार देतो.

तरीही याला ताणमुक्त काम म्हणू नये. उपचार सुरू असताना रक्तदाब एकदम उतरणे ही आमच्याकडची नेहमीची घटना आहे आणि त्या क्षणी हात चपळपणेच चालवावे लागतात. एकाच पाळीत अनेक यंत्रे सांभाळायची असतात. पहिली पाळी भल्या पहाटे सुरू होते, आणि मोठ्या रुग्णालयांशी जोडलेल्या विभागांत तातडीच्या डायलिसिससाठी रात्री बोलावणे येऊ शकते. यापेक्षाही जड गोष्ट म्हणजे वर्षानुवर्षे ओळख झालेली माणसे जातात. अतिदक्षता विभागातही मृत्यू असतो, पण तिथे अनेकदा त्या माणसाचा आवाजही आपण ऐकलेला नसतो. इथे त्याच्या नातवंडांची नावे आपल्याला माहीत असतात. हे दुःख सोसवते का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. मला सोसवते, कारण जितके दिवस तो माणूस आला तितके दिवस त्याला आम्ही नीट सांभाळले, हे मला ठाऊक असते.

पाऊलखूण

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. शुश्रूषाताईंनी सांगितल्याप्रमाणे मी चारही ताण वेगळे करून पाहिले. मृत्यूची भीती मला फारशी वाटत नाही, हे लिहिताना लक्षात आले. मला सर्वांत जास्त त्रास होतो तो व्यत्ययाचा आणि त्यातून आपल्या हातून काही निसटेल या धास्तीचा. त्याखालोखाल झोपेचा. रुग्णाचे दुःख ऐकणे, त्याच्याजवळ बसणे, वाईट बातमीनंतर थांबून राहणे, यांचा मला थकवा येतो पण त्रास होत नाही. या उत्तरावरून काही दिशा ठरते का? ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांविषयी कोणी सांगू शकेल का?

हातखंडा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि प्रामुख्याने पक्षाघात झालेल्या रुग्णांसोबत काम करते. आजारानंतर माणसाला स्वतःची रोजची कामे पुन्हा करता यावीत, हे आमचे उद्दिष्ट असते. फिजिओथेरपिस्ट स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, तोल आणि चालणे यांवर अधिक भर देतात. आम्ही त्या ताकदीतून जेवणे, अंघोळ, कपडे, लिहिणे, कामावर परतणे अशा गोष्टी घडवतो. प्रत्यक्षात दोन्ही कामे एकमेकांत बरीच मिसळलेली असतात.

सदरा घालण्याचेच घ्या. उजवी बाजू लुळी पडलेला माणूस सवयीने चांगला डावा हात आधी बाहीत घालतो आणि मग उजवा हात कसाही करून आत जात नाही. त्याला शिकवावे लागते की घालताना दुबळा हात आधी आणि काढताना दुबळा हात शेवटी. सदरा मांडीवर पसरायचा, उजव्या बाहीचे तोंड गुडघ्यांच्या मधे सोडायचे, डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यात सरकवायचा, बाही खांद्यापर्यंत ओढून घ्यायची आणि मगच उरलेला सदरा पाठीमागून फिरवायचा. हे लिहायला सोपे आहे, पण सुरुवातीला यात अर्धा तास सहज जातो, आणि त्या अर्ध्या तासात थेरपिस्टने सर्वांत अवघड गोष्ट करायची असते, ती म्हणजे पुढे होऊन मदत न करणे. ज्या दिवशी तो माणूस कोणाच्याही मदतीशिवाय तयार होऊन बसतो, त्या दिवशी त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठी मी हे काम करते.

व्यत्ययाचा ताण तुम्हाला सर्वाधिक असेल, तर पुनर्वसनाची कामे तुमच्यासाठी योग्य ठरू शकतात, कारण एका रुग्णाचा वेळ हा बहुतांशी त्याचाच असतो. पण आमचेही काही ताण आहेत. सुधारणा अतिशय संथ असते आणि काही वेळा ती थांबते. आणखी किती दिवसांत हात पूर्ववत होईल, या प्रश्नाचे खरे उत्तर देताना आशाही ठेवायची आणि खोटेही बोलायचे नाही, ही कसरत रोज करावी लागते. अंगमेहनत आहे, रुग्णाला पलंगावरून खुर्चीत हलवताना कंबर सांभाळण्याचे तंत्र पाळले नाही तर दुखणे कायमचे मागे लागते, आणि हे परिचारिकेला मी वेगळे सांगायला नको. नोंदी लिहिण्याचे काम तर वाढतच चालले आहे. एका तासात किती रुग्ण संपवले याचा तगादा लावणाऱ्या ठिकाणी हेच काम अत्यंत तापदायक होते. त्यामुळे शुश्रूषाताई म्हणतात ते मला पूर्ण पटते. पदवीचे नाव पाहून ताणाचा अंदाज बांधता येत नाही, कामाची जागा पाहावीच लागते.

तुम्हाला बोलण्यात आणि ऐकण्यात रस असेल, तर वाचा आणि भाषा उपचारांचाही विचार करा. पक्षाघातानंतर ज्यांचे शब्द हरवतात, समोरची वस्तू ओळखतात पण तिचे नाव जिभेवर येत नाही, अशा रुग्णांसोबत हे तज्ज्ञ काम करतात. गिळण्याचा दोष तपासणे हेदेखील त्यांचेच काम आहे, आणि तिथे चूक झाली तर अन्न फुफ्फुसांत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणजे हे काम दिसते तितके निवांत नाही.

छायाचित्रण

थोडक्यात लिहिते. मी रेडिओग्राफर आहे आणि सध्या केवळ मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, करते. प्रतिमाशास्त्र हे शांत क्षेत्र आहे असे ऐकून अनेक जण इकडे येतात, पण रुग्णालयातील सर्वसाधारण एक्स-रे विभागात अपघाताचे रुग्ण, रात्रपाळी आणि घाई हे सगळे असते. मॅमोग्राफीत वेळा ठरलेल्या असतात, समोर एकच स्त्री असते आणि नेहमीच्या तपासणीत प्रत्येक स्तनाच्या दोन, म्हणजे एकूण चार प्रतिमा घ्यायच्या असतात. दाब द्यावा लागतो आणि तो दुखतो; आधी नीट सांगितले, किती वेळ लागेल ते मोजून दाखवले, तर घाबरलेली स्त्रीही सहकार्य करते. मात्र रुग्णाची भेट काही मिनिटांचीच असते आणि पुढे तिचे काय झाले ते बहुतेकदा कळत नाही. ज्यांना दीर्घ नाते हवे असते त्यांना हे अपुरे वाटेल.

सोनोग्राफीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काही देशांत ती केवळ डॉक्टरच करतात, त्यामुळे आपल्याकडचा नियम आधी पाहावा. दुसरे म्हणजे हात शरीरापासून लांब धरून प्रोब दाबून ठेवावा लागत असल्याने हे काम करणाऱ्यांत खांदा, मान आणि मनगट यांची दुखणी फार आढळतात. गर्भवती स्त्रीची तपासणी करताना बाळाचे ठोके दिसले नाहीत, तर निदान पक्के होईपर्यंत चेहऱ्यावर काहीही न दाखवता काम पुढे चालू ठेवावे लागते. हे ज्यांना कठीण जाईल त्यांनी तिकडे वळू नये.

शुश्रूषा

पाऊलखूण, तुमचे दुसरे लिखाण वाचून आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात कामाच्या ताणातून येणाऱ्या गळाठ्याची (बर्नआउटची) तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपण काही उपयोगाचे उरलो नाही असे वाटणे. तिथे याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घ, न हाताळलेल्या ताणाचा हा परिणाम मानला आहे. तुमच्या लिहिण्यात पहिले लक्षण स्पष्ट दिसते, पण दुसरे जवळजवळ दिसत नाही. रुग्णांविषयीची तुमची ओढ शाबूत आहे. म्हणूनच घाई न करता निर्णय घेण्याइतका अवधी तुमच्याकडे आहे, असे मला वाटते.

पण झोप पूर्णपणे मोडलेली असताना चार वर्षांचा अभ्यासक्रम निवडू नका. शक्य असेल तर रजा घ्या, निदान काही काळ रात्रपाळीतून सूट मागा. झोप सुधारूनही उदासी, रडू येणे किंवा कशातच रस न वाटणे टिकून राहिले, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. इतरांची काळजी घेणाऱ्यांनी स्वतःसाठी मदत मागण्यात काही गैर नाही. शांत झोपेनंतरही मन त्याच दिशेने ओढत राहिले, तर ती दिशा बरीचशी खरी समजावी.

त्यानंतर ज्या कामाचा विचार आहे ते काम करणाऱ्या व्यक्तीसोबत परवानगी घेऊन पूर्ण दिवस काढा, आणि तो दिवस आठवड्यातला सर्वांत गर्दीचा असू द्या. तासाभराच्या भेटीत सगळेच विभाग शांत दिसतात. तिथल्या लोकांना काम आवडते का, असे विचारू नका, कारण पाहुण्याला बहुतेक जण हो म्हणतात. त्याऐवजी असे विचारा: गेल्या वर्षभरात किती जण सोडून गेले? एखादा रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागणारा निघाला तर पुढच्यांचे काय करता? नोंदी कामाच्या वेळेत पूर्ण होतात की घरी न्याव्या लागतात? रजेवर गेलेल्याचे काम कोण करते? माझ्या मते या चार उत्तरांतून त्या जागेबद्दल कळायचे ते बहुतेक कळते.

पाऊलखूण

शुश्रूषाताई, झोपेविषयी तुम्ही जे लिहिले ते मला फार लागले, कारण माझी वरिष्ठ परिचारिकाही हेच सांगत होती. मी दिवसपाळीसाठी अर्ज करते आहे. त्याबरोबरच मधुमेह केंद्र आणि पुनर्वसन विभाग या दोन ठिकाणी दिवसभर थांबण्याची परवानगी मागणार आहे. हातखंडाताई, परिचर्येतून ऑक्युपेशनल थेरपीकडे येणाऱ्याला आधीच्या अनुभवाचा उपयोग होतो का, की सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते?

हातखंडा

पदवी बहुतेक ठिकाणी पहिल्यापासूनच करावी लागते. शरीररचना, शरीरक्रिया अशा काही विषयांत सूट मिळू शकते, पण ते संस्थेनुसार बदलते. प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. अनुभवाचा उपयोग मात्र पहिल्या दिवसापासून होतो. अनेक दिवस पडून असलेल्या रुग्णाला पहिल्यांदा बसते करताना त्याचा रक्तदाब उतरू शकतो; नव्या विद्यार्थ्याला ते रुग्ण कलंडल्यावर कळते, तर तुमच्यासारख्या परिचारिकेला त्याच्या ओठांचा रंग आणि कपाळावरचा घाम पाहूनच कळते. सलाइनच्या नळ्या, लघवीची पिशवी, ऑक्सिजन यांनी वेढलेल्या माणसाला हलवण्याची भीती तुम्हाला वाटणार नाही. शिकावे लागेल ते रुग्णाची कामे त्याच्याकडूनच करवून घेणे, कारण परिचर्येत त्याच्यासाठी सगळे करण्याची सवय लागलेली असते. आमच्या विभागात येणार असाल तर सकाळी लवकर या, म्हणजे अंघोळ आणि कपडे घालण्याचा सराव पाहता येईल. व्यायामाची खोली दुपारी पाहिली तरी चालते.